टोकियोचे वार्तापत्र : महिलांचा व्हॉलीबॉल विश्वचषक आणि जपान

महिलांच्या राष्ट्रीय संघांसाठी व्हॉलीबॉलचा विश्वचषक १९७३ साली उरुग्वेत सुरू झाला. पुढच्या खेपेला, १९७७ मध्ये, तो जपानमध्ये भरला आणि २०१९ पर्यंत तिथून हलला नाही. लागोपाठ बारा स्पर्धा एकाच देशाने भरवल्या. जागतिक स्पर्धांचे यजमानपद एरवी देशोदेशी फिरते, या स्पर्धेने मात्र जपानमध्ये घरच केले. यामागे आयोजकांची सोय होती आणि पैसाही होता. पण त्याहून मोठे कारण म्हणजे जपानी समाजात या खेळाला मिळालेली जागा. ती जागा आधी कापडगिरणीत कामाला जाणाऱ्या मुलींनी मिळवली.

विसाव्या शतकाच्या आरंभी वायएमसीए या संस्थेमार्फत व्हॉलीबॉल जपानमध्ये आला. आशियात तो बराच काळ नऊ-नऊ खेळाडूंचा खेळ होता. जागा थोडी लागे, साहित्य म्हणजे जाळी आणि चेंडू. त्यामुळे शाळांच्या आणि गिरण्यांच्या आवारात तो सहज रुजला. गिरण्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली काम करत आणि कंपनीच्याच वसतिगृहात राहत. मालकांनी त्यांच्यासाठी संघ उभे केले आणि कंपन्यांच्या संघांत सामने होऊ लागले. जपानमधल्या कितीतरी खेळांचा कणा असलेली ही व्यवस्था आहे : खेळाडू ही कंपनीची नोकरदार असते, पगार नोकरीचा घेते आणि खेळते कंपनीच्या नावाने.

यातला सर्वांत गाजलेला संघ ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो गिरणीचा. त्याचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या मोहिमेवर होते आणि तिथून जिवंत परतलेल्या मोजक्या सैनिकांपैकी एक होते. त्यांच्या संघातल्या मुली दिवसा गिरणीत काम करत आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत सराव. मुख्य प्रतिस्पर्धी असलेल्या सोव्हिएत खेळाडू उंच आणि ताकदवान होत्या. जाळीवर त्यांना रोखणे अवघड, तेव्हा चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही, हा दाइमात्सूंचा मार्ग. त्यातून लोळून चेंडू उचलण्याची पद्धत तयार झाली. दूर पडणाऱ्या चेंडूवर खेळाडू झेप घेते, एका हाताने तो वर उडवते, पडता पडता खांद्यावरून कोलांटी घेते आणि त्याच वेगात पुन्हा पायांवर उभी राहते. पडण्याचा धक्का अंगभर वाटला जातो, इजा टळते आणि पुढच्या चेंडूला ती तयार असते. एरवी हरवलेला मानला जाणारा चेंडू यामुळे खेळात राहू लागला. १९६१ च्या युरोप दौऱ्यात हा संघ एकही सामना हरला नाही आणि ‘पूर्वेच्या चेटकिणी’ हे नाव त्याला चिकटले. पुढच्याच वर्षी मॉस्कोत सोव्हिएत संघाला त्याच्याच घरी हरवून जपानने जागतिक अजिंक्यपद मिळवले.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा पहिल्यांदाच समावेश झाला. जपानच्या बारा खेळाडूंपैकी दहा निचिबोच्या होत्या आणि कर्णधार होत्या मासाए कासाई. साऱ्या स्पर्धेत या संघाने एकच सेट गमावला, तोही पोलंडविरुद्ध. २३ ऑक्टोबरला कोमाझावाच्या सभागृहात त्यांनी सोव्हिएत संघाला १५-११, १५-८, १५-१३ असे सरळ तीन सेटमध्ये हरवले. टोकियो आणि आसपासच्या प्रदेशात त्या प्रक्षेपणाचे प्रेक्षकमान ६६.८ टक्के नोंदले गेले. युद्धात बेचिराख झालेल्या देशाला सांघिक खेळात मिळालेले ते सोने होते आणि ते गिरणीत काम करणाऱ्या मुलींनी मिळवले होते.

त्या विजयाने खेळ घराघरांत नेला. लग्न झालेल्या बाया संध्याकाळी शाळांच्या व्यायामशाळांत जमून नऊ-नऊ जणींचे सामने खेळू लागल्या. ‘मामासान’ म्हणजे आईमंडळींचा व्हॉलीबॉल म्हणून ही चळवळ ओळखली जाते आणि तिची राष्ट्रीय स्पर्धा १९७० पासून भरते आहे. १९६८ मध्ये ‘ॲटॅक नंबर वन’ ही शाळकरी मुलींच्या संघावरची चित्रमालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती दूरचित्रवाणीवर आली. मुलींच्या एका पिढीला चेंडूचे वेड लागले. याच काळात कठोर सरावाचे अतोनात कौतुक झाले. खेळाडूच्या शरीराला आणि मनाला सोसवेल तेवढेच ओझे द्यावे, हा विचार जपानी क्रीडाक्षेत्रात रुजायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. चेटकिणींच्या यशाचे मोल मोठेच, पण त्यासाठी त्या मुलींनी काय सोसले याचीही नोंद त्यासोबत राहायला हवी.

विश्वचषक जपानमध्ये आला तो या पार्श्वभूमीवर. १९७७ ची स्पर्धा जपाननेच जिंकली. १९७४ चे जागतिक अजिंक्यपद आणि १९७६ चे मॉन्ट्रियल ऑलिंपिक त्याच्या खात्यात आधीच जमा होते. स्पर्धेची घडण इतरांहून वेगळी होती. अलीकडच्या स्पर्धांत बारा संघ असत आणि प्रत्येक संघ उरलेल्या अकरांशी खेळे. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. गुणतक्त्यात वर राहील तो विजेता. २०११ पासून तीन-शून्य किंवा तीन-एक अशा विजयाला तीन गुण मिळू लागले, तर पाच सेटच्या सामन्यात विजेत्याला दोन आणि पराभूताला एक. दोन-तीन आठवड्यांत अकरा सामने म्हणजे एखाद-दुसऱ्या तारांकित खेळाडूच्या जोरावर निभावणे कठीणच. राखीव फळीही तितकीच भक्कम लागे. १९९५ ते २०११ या काळात पहिल्या तीन संघांना आणि २०१५ मध्ये पहिल्या दोघांना ऑलिंपिकचे थेट तिकीट मिळे. त्यामुळे तळाच्या संघाशी होणाऱ्या सामन्यातला एक सेटही महाग पडू शकत असे.

या स्पर्धेचा मोठा आधार होता फुजी टेलिव्हिजन. यजमानांचे सामने कामावरून घरी परतलेल्या कुटुंबांना पाहता येतील असे संध्याकाळी ठेवले जात. अलीकडच्या बहुतेक स्पर्धांना नव्या गायकसंघाचे गाणे जोडले जाई. पुढे अफाट लोकप्रिय झालेल्या ‘अराशी’चे पहिले गाणे १९९९ च्या विश्वचषकासाठीच होते. प्रेक्षक हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या आपटत ‘निप्पोन’ म्हणजे जपान असा गजर करत आणि त्यामागे तीन ठोक्यांचा ताल धरत. गायकांचे चाहते, शाळांचे संघ आणि आईमंडळी एकाच छताखाली येत. यजमानांच्या सोयीने आखलेल्या वेळापत्रकावर टीकाही होई, पण महिलांच्या सांघिक खेळाला रोज संध्याकाळी राष्ट्रीय वाहिनीवर एवढी जागा फार थोड्या देशांत मिळाली आहे.

१९७७ नंतरच्या विजेत्यांची यादी मात्र जपानबाहेरची आहे. १९६५ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या निमंत्रणावरून दाइमात्सूंनी चीनच्या खेळाडूंना महिनाभर शिकवले होते. त्यानंतर सोळा वर्षांनी चीनने ओसाकात यजमान जपानला ३-२ असे हरवून आपला पहिला विश्वचषक उचलला. त्या संघातल्या लांग पिंग यांनी १९८५ चा विश्वचषकही खेळाडू म्हणून जिंकला आणि २०१५ व २०१९ मध्ये प्रशिक्षक म्हणून. या दोन्ही स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडू ठरली चीनची झू टिंग. मधल्या काळात १९८९ ते १९९९ या चारही स्पर्धा क्यूबाने जिंकल्या. उंची जेमतेम १७५ सेंटिमीटर असलेली त्यांची मिरेया लुइस उंच उडीच्या बळावर जाळीवरून स्मॅश मारे. २००३ मध्ये चीनने पुन्हा चषक घेतला, तर २००७ आणि २०११ मध्ये तो इटलीकडे गेला.

जपानला १९७७ नंतर हा चषक मिळाला नाही. इतर देशांनी उंच खेळाडू घडवलेच, शिवाय बचावाचे धडेही आत्मसात केले. त्यात जपानचा कंपनी-संघांचा पायाही डळमळला. निचिबोचा वारसा सांगणारा युनिटिका कंपनीचा संघ २००० मध्ये तोरे कंपनीकडे गेला. हिताचीचा नामांकित संघ २००१ मध्ये बंद झाला. तरी जुनी वाट पूर्ण मोडली नाही. फक्त १५९ सेंटिमीटर उंचीची सेटर योशिए ताकेशिता २००६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्याच काळात, प्रशिक्षक मासायोशी मानाबे यांच्या हाताखाली, जपानने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अठ्ठावीस वर्षांनी कांस्यपदक मिळवले.

२०१९ हा जुन्या घडणीचा शेवटचा विश्वचषक ठरला. २०२३ मध्ये त्या जागी ऑलिंपिक पात्रता स्पर्धा आली आणि महिलांचा एक गट टोकियोच्या योयोगी व्यायामशाळेत खेळला. तिथून तुर्कस्तान आणि ब्राझील पॅरिसला पात्र ठरले. जपान त्या दोघांकडूनही हरला. २०२४ मध्ये जपानने देशांतर्गत स्पर्धेची पुनर्रचना करून एसव्ही लीग सुरू केली, ती कंपनीच्या संघांना व्यावसायिक क्लबांकडे नेण्यासाठी. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात विश्वचषकाची जागा आता वार्षिक नेशन्स लीगने आणि २०२५ पासून दर दोन वर्षांनी, बत्तीस संघांसह होणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेने घेतली आहे.