शेजाऱ्याचे कुत्रे आणि गावचे पशुधन

पहाटेच्या अंधारात गोठ्यातून शेळ्यांचा आकांत ऐकू यावा, विजेरी घेऊन बाहेर धाव घ्यावी, तो दावणीच्या दोन शेळ्या रक्तबंबाळ होऊन पडलेल्या दिसाव्यात आणि कुंपणावरून उडी घेऊन पळणारे कुत्रे शेजाऱ्याचेच असल्याचे ध्यानी यावे, असा प्रसंग ग्रामीण भागात अपवादात्मक राहिलेला नाही. दिवस उजाडताच वादाला तोंड फुटते. ‘आमचे कुत्रे दारातून हलत नाही’, असे एक घर म्हणते. ‘डोळ्यांनी पाहिले’, असे दुसरे घर म्हणते. मृत शेळ्यांचे मोल मिळत नाही, वैर मात्र वाढत जाते. काही ठिकाणी संतापाच्या भरात विषाचा घास टाकला जातो आणि तक्रारदारच आरोपी ठरण्याची वेळ येते. हा प्रश्न वरकरणी दोन शेजाऱ्यांचा वाटला, तरी त्यात पशुपालकाची उपजीविका, गावाचे आरोग्य आणि गावाचा सलोखा या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हटले जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. यांतील मोठा वाटा भूमिहीन मजूर, अल्पभूधारक शेतकरी, धनगर समाजातील मेंढपाळ आणि घरखर्चासाठी दोन-चार शेळ्या पाळणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे आहे. मुलांचे शिक्षण, आजारपण किंवा लग्नकार्य यांसाठी ऐनवेळी विकता येईल, अशी ही चालतीबोलती शिल्लक होय. सुमारे पाच महिन्यांच्या गर्भधारणेनंतर वेत देणारी शेळी कुत्र्याच्या पाठलागाने गाभडली, तर प्रत्यक्ष चावा न बसताही वेताचे उत्पन्न बुडते. म्हणूनच अशा हल्ल्याकडे किरकोळ घटना म्हणून पाहणे योग्य नव्हे.

हल्ल्यामागील कारणे

कुत्रे भुकेपोटीच जनावरांवर तुटून पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. पळणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करणे ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती आहे. घरी पोटभर खाणारे कुत्रेही मेंढरू पळू लागताच त्याच्यामागे धावते आणि पाठलागाचे रूपांतर चाव्यात होते. एकटे असताना निरुपद्रवी वाटणारे कुत्रे दोन-चार कुत्र्यांच्या टोळीत सामील झाले, की त्याचे वर्तन पालटते. एकदा ही चटक लागली, की ती सहसा आपोआप सुटत नाही. त्यामुळे ‘पहिल्यांदाच झाले आहे, पुन्हा होणार नाही’, या भरवशावर राहणे धोक्याचे ठरते.

पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना त्याला शेळ्या, वासरे, कोंबड्या यांच्या सहवासाची सवय लावल्यास पुढे ते त्यांना भक्ष्य न मानता सोबती मानण्याची शक्यता वाढते. मेंढपाळांची कुत्री कळपातच लहानाची मोठी होतात आणि कळपाचे रक्षण करतात, यामागचे रहस्य हेच आहे. याउलट दिवसभर आखूड साखळीला बांधलेले आणि रात्री मोकाट सोडलेले कुत्रे अधिक उपद्रवी होण्याचा संभव असतो.

कुत्रे की वन्य प्राणी?

जनावर मेलेले आढळल्यावर हल्लेखोर कोण, हे प्रथम निश्चित करणे अगत्याचे आहे. वाघ, बिबट्या, लांडगा यांसारख्या वन्य प्राण्यांनी पशुधन मारल्यास शासनाच्या वन विभागाकडून विहित अटींनुसार नुकसानभरपाई मिळते. पाळीव अथवा मोकाट कुत्र्याने मारल्यास ती मिळत नाही. रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा हा मात्र निराळा वन्य प्राणी असून गावातील कुत्र्याशी त्याची गल्लत करू नये.

बिबट्या बहुधा गळ्याला पकडून एकच जनावर मारतो आणि शक्य झाल्यास ओढून नेतो. त्याच्या पावलांच्या ठशांत सहसा नखे उमटत नाहीत. कुत्र्यांच्या हल्ल्यात मागचे पाय, मांड्या, कुशी, कान अशा अनेक ठिकाणी फाटलेल्या जखमा आढळतात. एकाच वेळी अनेक जनावरे जखमी होतात आणि मेलेली जनावरे बरेचदा न खाता तशीच पडलेली असतात. ठशांत नखांच्या खुणा दिसतात. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे अशा माळरानांच्या जिल्ह्यांत मात्र लांडग्याचा वावर असल्याने केवळ ठशांवरून निर्णय करणे अवघड असते, कारण लांडग्याचे आणि मोठ्या कुत्र्याचे ठसे सारखेच दिसतात. अशा वेळी मृत जनावर जागेवरून न हलवता वनरक्षकास आणि पशुवैद्यकास विनाविलंब कळवावे. उशीर झाल्यास पुरावा नष्ट होतो आणि हक्काची भरपाईही हातची जाते.

पहिले काही तास

हल्ल्यानंतर भांडणापेक्षा उपचार अधिक तातडीचा आहे. रेबीज, म्हणजेच पिसाळणे, हा रोग कुत्र्याच्या लाळेतून जखमेवाटे पसरतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली, की जनावर असो वा माणूस, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून चावलेल्या जनावराची जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावी. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. जखमेवर हळद, चुना, तिखट, राख किंवा तेल लावू नये. त्यानंतर त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकाशी संपर्क साधावा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने चाव्यानंतरच्या लसीची मात्रा त्याच दिवसापासून सुरू करावी. पहिल्या एक-दोन मात्रांनंतर जनावर ठणठणीत दिसते म्हणून पुढील मात्रा चुकवणे, ही नेहमी आढळणारी चूक आहे.

चावणारे कुत्रे ओळखीचे असल्यास त्याला मारून टाकू नये. ते बांधून ठेवून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवल्यास ते पिसाळलेले होते की नाही, याचा उलगडा होण्यास मदत होते. या निरीक्षणासाठी उपचार मात्र थांबवू नयेत. जनावर सोडवताना एखाद्या माणसाला चावा किंवा ओरखडा बसला असल्यास त्याने जखम तशीच धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

पुढील काही आठवडे, प्रसंगी काही महिने, चावलेल्या जनावरावर नजर ठेवणे इष्ट असते. ते विचित्र हंबरू लागले, लाळ गाळू लागले, त्याला गिळता येईनासे झाले किंवा मागचे पाय लुळे पडू लागले, तर त्याला वेगळे बांधावे. घशात काही अडकले असेल, असे समजून तोंडात हात घालण्याची चूक अनेकांच्या जिवावर बेतू शकते. अशा जनावराचे दूध वापरू नये. ते मेल्यास कातडे न काढता पशुवैद्यकाच्या सूचनेप्रमाणे खोल पुरावे.

कायद्याची भूमिका

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवनीय धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम माणसाला असलेल्या धोक्याबद्दल आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. शेळ्या-मेंढ्यांच्या नुकसानीची भरपाई हा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा विषय आहे.

दिवाणी दाव्यात कुत्र्याच्या उपद्रवी स्वभावाची मालकाला पूर्वकल्पना होती काय, या मुद्द्याला महत्त्व येते. म्हणूनच पहिल्याच घटनेनंतर मालकास लेखी कळवणे आणि त्या पत्राची पोच ठेवणे अत्यंत उपयुक्त ठरते. त्यानंतर पुन्हा हल्ला झाल्यास ‘मला ठाऊक नव्हते’, असे म्हणण्यास जागा उरत नाही. घटनेची तारीख व वेळ, छायाचित्रे, पाहणाऱ्यांची नावे, पोलीस पाटलाने अथवा पंचांनी केलेला पंचनामा, पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल व उपचारखर्चाच्या पावत्या हा सर्व पुरावा जपून ठेवावा.

कायदा कुत्र्यालाही संरक्षण देतो. न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार नुकसान करण्याच्या हेतूने कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. विषाचा घास ज्याच्यासाठी टाकला, त्यालाच लागेल याचीही खात्री नसते. तो राखणीची कुत्री, मांजरे, क्वचित लहान मुले यांच्यापर्यंत पोचू शकतो आणि विषारी मृतदेह खाऊन गिधाडेही मरतात. हल्ला चालू असताना आरडाओरडा करून, पाणी मारून किंवा काठी आपटून कुत्र्याला हुसकावणे निराळे आणि दुसऱ्या दिवशी सूड उगवणे निराळे.

मालकाची जबाबदारी

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, कुत्र्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरण्याची संधी न देणे, ही क्रूरता मानतो. तेव्हा तक्रार आली म्हणून कुत्रे कायमचे खुंटाला जखडणे हा उपाय नव्हे. रात्री बंदिस्त अंगण किंवा जाळीचे आवार, बाहेर नेताना हातात साखळी, आवश्यक तेव्हा धापा टाकता येतील असे सैल मुसके, रोजचा पुरेसा व्यायाम आणि वेळेवर आहार ही खरी उपाययोजना होय. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित लसीकरण करावे. नसबंदीमुळे नर कुत्र्यांचे भटकणे पुष्कळ अंशी कमी होते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर, तर पाळीव कुत्र्याची ती त्याच्या मालकावर आहे.

पशुपालकानेही आपली बाजू भक्कम करावी. गोठ्याची जाळी जमिनीत थोडी गाडलेली असावी, म्हणजे कुत्रे खालून उकरून आत शिरत नाही. रात्री करडे-कोकरे आत घ्यावीत. मेलेली जनावरे, वार आणि कत्तलीचे अवशेष उघड्यावर टाकल्याने कुत्र्यांच्या टोळ्या जमतात. ती सवय संपूर्ण गावाने सोडली पाहिजे.

सामोपचाराचा मार्ग

न्यायालयाचा मार्ग खुला असला, तरी दोन शेळ्यांसाठी वर्षानुवर्षे तारखा घेणे कोणालाच परवडणारे नसते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील वाद गावातच मिटवण्याची वाट दाखवली. त्याच भावनेने सरपंच, पोलीस पाटील व दोन्ही बाजूंना मान्य असलेली एखादी वडीलधारी व्यक्ती यांनी दोन्ही घरांना समोरासमोर बसवावे. बैठकीत तीन गोष्टी ठराव्यात: बाजारभावाने भरपाई किती व केव्हा द्यावयाची, कुत्र्याच्या बंदोबस्तासाठी मालक कोणती व्यवस्था किती दिवसांत करणार, आणि पुन्हा हल्ला झाल्यास काय करावयाचे. ठरलेले लेखी नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी समेट पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

ग्रामसभेने वर्षातून एकदा, २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, पशुसंवर्धन विभागाच्या साहाय्याने लसीकरण शिबिर भरवल्यास आणि गावातील पाळीव कुत्र्यांची साधी नोंदवही ठेवल्यास ‘कुत्रे कोणाचे?’ हा वादच उरणार नाही. शाळांतून शिक्षकांनी चाव्यानंतर जखम धुण्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तर तो धडा घराघरांत पोचेल. कुत्र्यांपासून पसरणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचा संकल्प भारताने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात केला आहे. त्याची सिद्धी अखेर गावपातळीवरील अशा लहान कामांवरच अवलंबून आहे.

कुत्रे राखणीला हवे असते आणि शेळी संसाराला. एकाची राखण दुसऱ्याच्या संसाराच्या मुळावर येऊ नये, एवढी काळजी मालकाने घेतली आणि नुकसान सोसणाऱ्याने संतापाऐवजी पुराव्याचा व सामोपचाराचा मार्ग धरला, तर दोन्ही दावणी सुरक्षित राहतील आणि मधल्या कुंपणावरून होणारी देवाणघेवाणही चालू राहील.