चोवीस सेकंदांचा रस्ता

आमच्या सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पंचवीस वर्षं रोज पाहत आलेला पुण्यातला आमचा चौक मला नव्यानं दिसू लागला. भाजीवाले पलीकडे. मधला रस्ता १८ मीटर, मीच मोजलेला. पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा १५ सेकंद राहतो. तिला लागतात २४.

गंमत म्हणजे हिशेब चुकलेला नाही. सिग्नलची आखणी करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्वसाधारणपणे धरतात. १८ मीटरला बरोबर १५ सेकंद. या धरलेल्या माणसाच्या हातात पिशवी नसते, कडेवर मूल नसतं आणि गुडघे अर्थातच जन्मजात असतात!

‘मग सगळेच दिवे जास्त वेळ ठेवा की,’ असं आमच्या कट्ट्यावर एकमत झालं. कट्ट्यावरचं एकमत बहुधा चुकतं. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये याचं गणित मांडलं. दिवे बदलताना दर वेळी काही सेकंद कुणाच्याच कामी येत नाहीत, म्हणून दिव्यांचा फेरा फार छोटा नको. पण तो लांबवला, तर साठलेली रांग निघून गेल्यावरही हिरवा तसाच जळत राहतो आणि बाकीच्या रस्त्यांवर लोक हॉर्न वाजवत बसतात. योग्य फेरा गर्दीप्रमाणे बदलतो. संध्याकाळी सहाचा दुपारी तीनला चालत नाही. आमच्या चौकात मात्र दिवसभर एकच. समोरचा रस्ता रिकामा दिसत असताना भर उन्हात थांबणं शिस्तीच्या माणसालाही जड जातं. लाल दिवा तोडायची सवय तिथंच लागते, असं माझं मत.

गर्दी ओळखून वेळ बदलणारे सिग्नल सिडनीत १९७०च्या दशकात आले. आपल्या शहरांतही येत आहेत. जरूर यावेत. पण त्यांचं लक्ष मुख्यतः थांबरेषेपाशी येणाऱ्या वाहनांवर असतं. फुटपाथच्या कडेला काठी टेकून उभी असलेली बाई हिशेबात यायची, तर तिच्यासाठी वेगळी सोय मुद्दाम करावी लागते. मला हवेत फक्त नऊ सेकंद. ते वाहनांच्या वाट्यातून जाणार, हे कबूल. पण दुपारी तरी ते वायाच जात असतात.

तोवर आम्ही तोडगा काढला आहे. सौ. दारातूनच रिक्षा करते. रिक्षा पुढच्या चौकातून वळून तिला पलीकडच्या फुटपाथला सोडते. समोर दिसणाऱ्या मेथीच्या जुडीसाठी मीटरचं किमान भाडं आणि चौकात एक वाहन जास्त.