कूपन दुकानाचे, हिशेब आपला

महिन्याचा पगार हातात पडला की भोईवाड्यातल्या घराघरांत वाणसामानाची यादी निघते. नेमके त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत कागद खाली पडतो. 'दीड हजारांच्या खरेदीवर शंभर रुपयांचे कूपन', 'एकावर एक मोफत', 'कार्डधारकांना दुप्पट पॉइंट'. मोबाइलवरही हेच संदेश येत राहतात. घरातली मुले म्हणतात, "आई, या वेळी मोठ्या दुकानातच जाऊ या, स्वस्त पडते."

खरोखर स्वस्त पडते का? कूपन वाईट आणि ते वापरणारा खुळा, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. घामाच्या पैशातला एक रुपया वाचत असेल, तरी तो अवश्य वाचवावा. परंतु तो रुपया खरोखर वाचला की वाचल्यासारखा वाटला, हे कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. कचेरीत दुसऱ्यांच्या रकमांची बेरीज-वजाबाकी करणारे आपण, घरच्या वाणसामानाचा हिशेब मात्र दुकानदाराच्या जाहिरातीवर सोडून देतो. आज तो हिशेब आपणच करून पाहू.

पॉइंटची किंमत किती?

समजा, आपल्या घरी महिन्याला सहा हजारांचे वाणसामान लागते. दुकान शंभर रुपयांमागे एक पॉइंट देते आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे धरते. म्हणजे सहा हजारांवर साठ पॉइंट झाले आणि हातात आले पंधरा रुपये. शेकडा पाव टक्का! २०२५ च्या मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे दहा रुपये झाले. केवळ या पॉइंटसाठी एका माणसाने बसने जाऊन-येऊन एक फेरी केली, तर वीस रुपये गेले. पंधरा मिळाले, वीस गेले.

प्रत्येक दुकानाचा दर वेगळा असतो. काही ठिकाणी एका पॉइंटचा पूर्ण एक रुपयाही मिळतो. म्हणून कार्ड घेताना एवढे दोनच प्रश्न विचारावेत. एका पॉइंटचे पैसे किती, आणि तो किती दिवसांत बाद होतो? मुदत संपलेल्या पॉइंटची किंमत शून्य असते.

'तुम्ही इतके वाचवले'

बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेले असते, 'आज आपण २४० रुपये वाचवले'. हा आकडा बहुधा छापील कमाल किमतीशी तुलना करून काढलेला असतो. कमाल किरकोळ किंमत म्हणजे ज्यापेक्षा जास्त घेता येत नाही ती किंमत. तीत सर्व कर धरलेले असतात. ती काही बाजारभाव नव्हे. आपल्या नाक्यावरचा वाणीही पुष्कळ वस्तू छापील किमतीपेक्षा कमी दराने देतोच. तेव्हा तुलना करायची ती छापील किमतीशी नव्हे, तर नाक्यावरच्या दराशी. या तुलनेत २४० रुपयांचे कधी साठ उरतात, तर कधी काहीच उरत नाही.

आता दीड हजारांवरचे शंभर रुपयांचे कूपन घ्या. आपली यादी बाराशेची आहे. शंभर मिळवण्यासाठी आणखी तीनशेचा माल टोपलीत टाकला. बिल झाले पंधराशे, सूट शंभर, दिले चौदाशे. घरून निघताना बाराशे खर्चायचे ठरले होते, प्रत्यक्षात दोनशे जास्त गेले. हा जादा माल पुढच्या महिन्यात लागणारे तेल किंवा साबण असेल, तर शंभर रुपये खरोखरच वाचले. तो सरबताची बाटली आणि बिस्किटांचा मोठा पुडा असेल, तर कूपनाने आपला खिसा कापला.

आणखी एक गणित मुलांकडून करून घ्यावे. 'एकावर एक मोफत' म्हणजे निम्मी किंमत. 'दोनांवर एक मोफत' म्हणजे एक तृतीयांश सूट. पण 'वीस टक्के जादा माल' म्हणजे वीस टक्के सूट नव्हे. शंभराच्या किमतीत एकशेवीसचा माल मिळाला, तर सूट पडते पावणेसतरा टक्क्यांच्या आतच.

बक्षिसाचे मूळ कामगारांच्या दुकानात

खरेदी करणाऱ्याला काही परत द्यावे, ही कल्पना काही मोठ्या दुकानांच्या साखळ्यांची नाही. ती गिरणी कामगारांनीही आपल्या दुकानात राबवली होती. इंग्लंडमधील रॉचडेल हे लोकरी आणि सुती कापडाच्या गिरण्यांचे गाव. तेथे भेसळीचे पीठ, खोटे माप आणि उधारीचा फास यांनी कामगार गांजले होते. १८४४ साली अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस पौंडांचे भांडवल जमवले आणि डिसेंबरात स्वतःचे दुकान उघडले. आरंभी माल होता तो लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम साधे होते. माल शुद्ध, माप चोख, व्यवहार रोखीचा, प्रत्येक सभासदाला एकच मत. आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत.

तेथेही खरेदीवर पैसे परत मिळत होते. परंतु आजच्या पॉइंटात आणि त्यात मोठा फरक आहे. तेथे दुकान सभासदाचे होते. किती द्यायचे, हे त्याच्या समोर, हिशेब वाचून ठरत असे. आजच्या पॉइंटचा दर दुकान एका रात्रीत बदलू शकते, आणि आपल्याला ते गल्ल्यावर उभे राहिल्यावर कळते.

हा विचार आपल्या दारापर्यंत आला होता. १९४८ साली भोईवाड्याच्या शेजारी नायगावात कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था सुरू केली. तीच पुढे 'अपना बाजार' म्हणून मुंबईभर ओळखली गेली. गिरणगावातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा पिशवीबंद, निवडलेले धान्य आले ते अशाच दुकानांतून. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत आणखी निराळी. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, आणि आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा. तेथे दुकानच नाही, म्हणून दुकानाची सजावट नाही आणि जाहिरातीचा खर्चही नाही.

पुढे मोठी भांडवलदार दुकाने आली आणि सहकारी भांडारांना स्पर्धा जड गेली. यात केवळ बाहेरच्यांचा दोष नाही. सभासद म्हणून आपण सर्वसाधारण सभेला गेलो नाही, अहवाल उघडून पाहिला नाही. दुकान आपले आहे, हे आपणच विसरलो.

वाण्याची वही

कार्ड नव्हते तेव्हाही गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा एक मार्ग होता, तो म्हणजे उधारीची वही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. त्या काळात अनेक चुली पेटत्या राहिल्या त्या वाण्याच्या वहीवर. हे उपकार विसरता येणार नाहीत. मात्र वहीवर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही, हेही तितकेच खरे. अडचणीसाठी वही असावी, सवयीसाठी नसावी. चार महिने थोडी काटकसर करून एका महिन्याच्या वाणसामानाएवढी रक्कम बाजूला पडली, की रोखीने घेण्याची ताकद येते. पुष्कळ ठिकाणी रोखीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी होतातच.

सर्वांत मोठे कूपन

ज्या घरांना रेशनचा हक्क आहे, त्यांच्या कपाटात सर्वांत मोठे कूपन आधीच आहे. ते म्हणजे शिधापत्रिका. मुंबईत रेशनिंग १९४३ साली, युद्धकाळात सुरू झाले. ते टिकवण्यासाठी लोकांना झगडावेही लागले. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, रॉकेल रास्त दरात मिळावे, हीच त्यांची मागणी होती.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलोंचा. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षे मोफत ठेवण्याचे ठरले. घरात पाच माणसे असतील तर पंचवीस किलो. बाजारभाव किलोला पस्तीस रुपये धरला, तरी महिन्याला ८७५ रुपये होतात. एकीकडे पॉइंटचे पंधरा रुपये आणि दुसरीकडे हे ८७५! तरीही रेशनच्या रांगेत उभे राहण्याची काहींना लाज वाटते. हक्काची कसली लाज?

अडचणी आहेत, हे मान्य. या कायद्यानंतर राज्याने शहरी कुटुंबासाठी वार्षिक ५९ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. महिन्याला ते पाच हजारांच्या आतच येते. त्यामुळे केशरी कार्ड असूनही यादीबाहेर राहिलेली घरे आपल्या वस्तीत कमी नाहीत. पण ज्यांची नावे यादीत आहेत, त्यांनी प्रत्येक नावाची आधार पडताळणी झाली आहे ना, हे पाहावे. नव्या सुनेचे आणि बाळाचे नाव चढवावे. धान्य घेताना यंत्राची पावती मागावी आणि पावतीवरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडून पाहावेत. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

वेष्टन वाचायला शिका

अलीकडे भाव वाढतो तो किमतीत नव्हे, वजनात. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांनाच मिळतो, आतला माल मात्र कमी झालेला असतो. २०२१ साली दुरुस्त झालेल्या वजनमापाच्या नियमांनुसार बंद पुड्यावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतात, हेही छापावे लागते. अक्षर बारीक असते, पण सगळे सत्य तेथेच असते. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो, असेही नाही. शॅम्पूच्या बाबतीत कधी कधी बाटलीपेक्षा लहान पुड्याच स्वस्त पडतात. शिकत्या मुलीला बरोबर न्यावे, तिच्याकडून दर काढून घ्यावेत. तिचे गणितही पक्के होईल.

आणखी एक गोष्ट. बिल करताना फोन नंबर मागतात. नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही, असे दुकानाला म्हणता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली तशी सूचनाच दुकानांना दिली आहे. जास्त पैसे लावले, मुदत संपलेला माल दिला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी बिल मात्र जपून ठेवले पाहिजे.

पाच घरांची एक यादी

शेवटी एक सूचना. रॉचडेलचे अठ्ठावीस जण किंवा नायगावचे कामगार काही श्रीमंत नव्हते. त्यांनी फक्त आपली खरेदी एकत्र केली. आपल्याला लगेच संस्था काढायची नाही. चाळीतल्या किंवा इमारतीतल्या पाच घरांनी महिन्याची एक यादी करावी. गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर, तेल आणि धुण्याची पावडर एवढ्या सहाच वस्तू. तीन दुकानांत दर विचारावा. तेलाचा डबा, तांदळाचे कट्टे एकत्र घ्यावेत. उन्हाळ्यात लालबागला मिरची-मसाल्यासाठी जातोच, तीही खरेदी पाच घरांची मिळून करावी. मात्र पैशाचा व्यवहार आहे, म्हणून वही हवी. रक्कम आधी जमा करावी, पावती वहीला चिकटवावी, दर महिन्याला वेगळ्या घराने हिशेब लिहावा आणि दुसऱ्याने तो तपासावा. ओळखीच्या माणसांतही हिशेब चोख असला, तरच ओळख टिकते.

अशी खरेदी करून घरटी महिन्याला चारशे रुपये वाचले, तर वर्षाचे चार हजार आठशे होतात. ते वाचलेले पैसे पुन्हा बाजारात जाऊ देऊ नयेत. त्यांतून मुलांची वह्या-पुस्तके, परीक्षेची फी, एखाद्या मुलीच्या टायपिंगच्या किंवा संगणकाच्या वर्गाचा हप्ता भरता येतो. कूपन मिळाले तर जरूर वापरा. पण आधी यादी लिहा, मग कूपन पाहा. यादी आधी असली, तर दुकान आपल्या उपयोगाचे. कूपन आधी आले, तर आपण दुकानाच्या उपयोगाचे.