कोपऱ्यात सही असलेली दिवाळीभेट

दिवाळीच्या आठवड्यात सोनपापडीचे डबे ज्या वेगानं घरोघर फिरतात, ते पाहता भेट देणं हे टपाल पोचवण्यासारखंच काम झालं आहे. आलेला डबा पुढच्या घरी रवाना. कुणीतरी बसून हातानं काढलेलं चित्र असं पुढे ढकलणं जरा जड जातं, आणि हल्ली भेटीसाठी आर्ट गॅलरीची पायरी चढणारे काहीजण याच भरवशावर असतात.

बाकीच्यांना धास्ती असते ती किंमत विचारण्याची. मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तरी ती अनाठायी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभ्या राहिलेल्या या गॅलरीचे हॉल चित्रकार भाड्यानं घेतात. त्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबतातही. त्यामुळे दालनात खुर्ची टाकून बसलेली व्यक्ती बहुधा खुद्द चित्रकारच असते. भिंतीवरचा पाच फुटी कॅनव्हास झेपणारा नसेल, तर लहान कामं आहेत का, हे खुशाल विचारावं. जलरंगातली, शाईतली छोटी चित्रं पुष्कळदा टेबलाखालच्या फोल्डरमध्ये असतात. बाहेर पदपथावर तर चित्रं उघड्यावरच मांडलेली असतात.

कमी पैशांत चांगलं काम हवं असेल, तर मुद्राचित्रांकडे वळावं. इथे मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. चित्रकार धातूच्या पत्र्यावर, लाकडावर किंवा लिनोलियमवर स्वतः कोरतो, त्यावरून ठरावीकच छाप काढतो आणि प्रत्येक छापाखाली पेन्सिलीनं सही करतो. डावीकडे १२/५० असं लिहिलेलं असलं, तर तो पन्नासांपैकी बारावा छाप. तयार चित्राचा फोटो काढून यंत्रावर छापलेली प्रत हा वेगळा माल आहे. तो घेण्यात कमीपणा नाही. राजा रविवर्म्याच्या छापखान्यानं १८९४पासून देवादिकांची चित्रं छापील प्रतींतूनच सामान्य घरांत पोचवली. पण प्रतीला मूळ मुद्राचित्राचा भाव मोजू नये.

भेट कलावंताच्या हातची हवी, पण भिंतीवर टांगायची नको, असं असेल तर सावंतवाडीचा राजवाडा गाठावा. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांची कला, पुन्हा उभी केली. वाड्याच्या दरबारात बसून कारागीर गोल पत्ते रंगवताना दिसतात. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं: राजा, वजीर आणि एक ते दहा चिन्हांची. म्हणजे एकशेवीस वर्तुळं, सगळी हातानं रंगवलेली आणि वरून लाखेची चकाकी. किंमत ऐकून दचकणाऱ्यानं हा आकडा आठवावा. खेळायला कुणी बसो न बसो, संच हाती आला की घरातलं कुणीतरी मत्स्य, कूर्म, वराह ओळखायला लागतंच.

कंपन्यांसाठी एक इशारा. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट मिळत नाही. १९५७च्या कायद्यानुसार तो सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो. साहेबांच्या केबिनमधलं चित्र परस्पर दिवाळीच्या कार्डांवर छापायचं असेल, तर आधी चित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी. पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे, म्हणून तिथे करारात स्पष्ट लिहून घेतलेलं बरं.

पावतीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष मागून घ्यावं. कागदावरचं काम असेल तर फ्रेम करूनच द्यावं, आणि फ्रेमवाल्याला माउंट घालायला सांगावं, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला चिकटलेल्या कागदाला बुरशी धरायला एक पावसाळाही पुरतो. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, हे घेणाऱ्याला तोंडी सांगायला विसरू नये. जलरंग उन्हानं उडतात.