संदर्भांची डागडुजी

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला शहराच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. कर्नाटक सरकारच्या कीऑनिक्स या महामंडळाने वसविलेल्या या वसाहतीपर्यंत २०१० साली उन्नत रस्ता पोहोचला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो. विकिपीडियावर या स्थळाविषयी लिहावयाचे, तर अशा विधानांना आधार द्यावा लागतो; आणि तो बहुधा वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील एखाद्या बातमीचा दुवा असतो.

डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या काळी आधार म्हणजे कपाटातला ग्रंथ. त्याला वाळवी लागे. पण तो रातोरात नाहीसा होत नसे. आज संकेतस्थळाची मांडणी बदलली, संस्था बंद पडली की दुवा मरतो. २०२४ मध्ये प्यू संशोधन केंद्राने इंग्रजी विकिपीडियाचे लेख नमुन्यादाखल तपासले, तेव्हा ५४ टक्के लेखांत निदान एक तरी दुवा मृत आढळला.

नवखा संपादक अशा वेळी दुव्याबरोबर वाक्यही खोडून टाकतो. हे औषधाऐवजी रोग्यालाच घालविण्यासारखे झाले! प्रथम मथळ्यावरून बातमीचा शोध घ्यावा. कित्येकदा तिचा पत्ताच तेवढा बदललेला असतो. न सापडल्यास इंटरनेट आर्काइव्हकडे वळावे. १९९६ पासून ही संस्था संकेतपृष्ठांच्या प्रती जतन करीत आली आहे. मूळ लेखकाने बातमी पाहिली त्या तारखेच्या जवळची प्रत निवडावी. नंतरच्या प्रतीत ‘पृष्ठ सापडत नाही’ एवढीच पाटी जतन झालेली असण्याचा संभव असतो. मूळ पत्ता तसाच ठेवून प्रतीचा पत्ता व तारीख जोडावी.

हे काम यंत्रेही करतात. २०१८ पर्यंत यंत्रे व संपादक यांनी मिळून नव्वद लाखांवर दुवे सावरले होते. परंतु दार उघडते की नाही एवढेच यंत्र पाहते. आत काय लिहिले आहे, हे माणसानेच वाचावे लागते. लेखात पूल ‘पूर्ण झाला’ असावा आणि बातमीत केवळ भूमिपूजन, असेही घडते.

प्रत कोठेच नसेल, तरी छापील अंकाचे नाव, तारीख व पृष्ठ दिले की संदर्भ उभा राहतो; दुवा अपरिहार्य नाही. मराठीत मात्र एक निराळीच अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रे आपापले स्वतंत्र टंक वापरीत. त्या काळातील प्रत हाती लागते, पण पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग उमटते. तो मजकूर परिवर्तकातून काढून, डोळ्यांखालून घालून मगच लेखाला जोडावा लागतो.