पहिले तीन महिने : लक्षणे ओळखा, लपवू नका

आपल्याकडे गरोदरपणाची चर्चा बहुधा पोट दिसू लागल्यावर सुरू होते. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते आणि कौतुकही तेव्हाच होते. परंतु बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदय व हातपाय यांची मूळ घडण पहिल्या बारा आठवड्यांत होऊन जाते. म्हणजे ज्या काळात सर्वाधिक काळजी घ्यावयास हवी, त्याच काळात घरात कोणाला काही ठाऊक नसते. पुष्कळदा त्या स्त्रीलाही ठाऊक नसते.

पिंपरी, भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. येथे असंख्य भगिनी असेंब्ली लाइनवर, पॅकिंगमध्ये, वायरिंगच्या कामावर किंवा कँटीन व साफसफाईच्या कंत्राटावर आहेत. दिवस गेले हे समजले तर कंत्राटदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, या भीतीने अनेकजणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत तोंड उघडत नाहीत. उलटी झाली तर पित्त म्हणतात, चक्कर आली तर जागरण म्हणतात आणि मेडिकलमधून गोळी आणून शिफ्ट पूर्ण करतात. हे लपवणे माता व बाळ दोघांनाही महाग पडू शकते. म्हणून या लेखात आम्ही ही लक्षणे कशी ओळखावीत, त्यांना तोंड कसे द्यावे आणि कामाच्या ठिकाणी कोणते हक्क आहेत, हे क्रमाने सांगत आहोत.

लक्षणे कोणती?

सर्वांत पहिली व महत्त्वाची खूण म्हणजे पाळी चुकणे. त्यानंतर एक-दोन आठवड्यांत मळमळ, कोरड्या उमाळ्या किंवा उलटी, वासांचा तिटकारा, स्तन जड होणे व दुखणे, वारंवार लघवीला होणे, विलक्षण थकवा आणि झोप ही लक्षणे दिसू लागतात. फोडणीचा वास, बसमधला डिझेलचा वास किंवा कारखान्यातील ऑइलचा वास अचानक सहन होईनासा होतो. काहींना पाळीच्या तारखेच्या सुमारास रक्ताचा एखादा डाग दिसतो आणि पाळी आली असे वाटून गरोदरपण लक्षातच येत नाही.

पित्त, अशक्तपणा, लघवीचा जंतुसंसर्ग, रात्रपाळीचे जागरण यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून अंदाजावर विसंबू नये. पाळी आठवडाभर लांबली की सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. त्याची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, तसेच आशाताईंकडे शासनाची ‘निश्चय’ पट्टी मोफत मिळू शकते. दोन रेषा उमटल्या तर गर्भ आहे असे समजावे. एकच रेषा आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. आठवड्यांची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. म्हणून प्रत्येक मुलीने पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्याची सवय शाळा-कॉलेजच्या वयापासूनच लावून घ्यावी.

लवकर कळण्याने काय साधते?

पाळी चुकल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांच्या आसपास बाळाच्या मज्जारज्जूची नळी बंद व्हावी लागते. ती नीट बंद झाली नाही तर मेंदूत वा कण्यात जन्मजात दोष राहतो. फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी हा धोका बराच कमी करते. मूल हवे असा विचार सुरू होताच, म्हणजे दिवस जाण्याच्या आधीपासून, ती घेणे सर्वांत उत्तम. ते राहून गेले असेल तर कळल्या दिवसापासून घ्यावी. लोहाच्या गोळ्या तीन महिन्यांनंतर सुरू होतात.

दुसरी गोष्ट रक्ततपासणीची. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय आणि ७ च्या खाली असेल तर तो तीव्र समजतात. माती, राख किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते, पण ती बहुधा लोहाच्या कमतरतेची खूण असते.

तिसरी गोष्ट आपल्या सभासदांनी विशेष ध्यानात घ्यावी. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतून नोकरीसाठी येथे आलेली अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी समाजात, तसेच आपल्या बौद्ध समाजासह इतर अनेक समाजांत आढळतो. ज्याच्यात हा गुण केवळ वाहक म्हणून असतो, त्याला सहसा काहीच त्रास नसतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. साध्या रक्ततपासणीने हे कळते. गरोदरपण लवकर कळले तर दोघांची तपासणी होऊन डॉक्टरांचा सल्ला वेळेत मिळतो, चौथ्या-पाचव्या महिन्यात कळले तर हाती वेळ थोडा उरतो. विवाह ठरवताना पत्रिकेऐवजी हा अहवाल पाहिला तर अधिक बरे.

त्रास कसा हलका करावा?

मळमळ साधारणपणे सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास वाढते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. पोट रिकामे राहिले की ती वाढते. पहाटे उपाशीपोटी कंपनीची बस पकडणाऱ्या भगिनींना म्हणूनच अधिक त्रास होतो. उशाशी कोरडी पोळी, टोस्ट किंवा मूठभर कुरमुरे ठेवावेत, उठण्यापूर्वी थोडे खावे आणि दहा मिनिटांनी सावकाश उठावे. दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळे खिशात वा डब्यात ठेवता येते. तळलेले व तिखट टाळावे. पाणी एकदम न पिता घोटाघोटाने प्यावे. लिंबूपाणी वा आल्याचा छोटा तुकडा अनेकींना मानवतो. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर गरोदरपणात चालणारी उलटीची गोळी देतात. ती त्यांना विचारूनच घ्यावी, दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे.

लाइनवर सतत उभे राहिल्याने चक्कर येते. पाय हलवत राहावे, सुटीत बसून पाय वर घ्यावेत. स्वच्छतागृहाला जाण्याची परवानगी मिळत नाही म्हणून कित्येकजणी पाणीच पीत नाहीत. यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि तो गरोदरपणात धोक्याचा असतो. शिसे, थिनर, रंगाची वाफ यांच्याजवळ काम असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे व जागा बदलून मागावी. एक्स-रे काढण्यापूर्वी दिवस गेल्याचे सांगावे.

मिश्री लावणे, तंबाखू खाणे व मद्य पूर्ण बंद करावे. मिश्रीतही तंबाखूच असतो आणि त्याने बाळाचे वजन घटते. घरातील सासूबाई किंवा जाऊबाई मिश्री लावत असतील तर त्यांनीही सुनेसमोर डबी ठेवू नये. फोडणीचा वास सहन होत नसेल त्या दिवसांत पतीने चूल सांभाळावी. यात कमीपणा कसला?

केव्हा थांबू नये?

पुढील खुणांपैकी एकही दिसली तर शिफ्ट संपण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा :

१) अंगावरून रक्त जाणे, विशेषतः पोटदुखीसह.
२) पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्यात दुखणे, घेरी येऊन पडणे. गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत वाढत असेल तर असे होते आणि त्यात जीव जाऊ शकतो.
३) पाणीही न टिकणे, दिवसभर लघवी न होणे किंवा ती फार गडद होणे.
४) ताप, लघवीला जळजळ.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आपल्या भागात संत तुकाराम नगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, महापालिकेची इतर रुग्णालये, चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि विमाधारकांसाठी चिंचवडच्या मोहननगरातील ईएसआय रुग्णालय आहे.

मूल नको असेल तर गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. १९७१ चा कायदा व त्याची २०२१ ची दुरुस्ती यांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीर व सुरक्षित सेवा मिळते आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरेशी असते. गर्भलिंग विचारणे वा सांगणे मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

नोकरी आणि हक्क

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी व नंतर कामगार मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली आणि त्याचा भार शासनानेही उचलावा असे सांगितले. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. १९६१ मध्ये देशासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या आहेत.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हा हक्क मिळतो. कंत्राटी कामगार भगिनीही त्यात येतात. ज्यांच्या पगारातून ईएसआयची वजावट होते त्यांना हा लाभ ईएसआयकडून मिळतो, त्याची अट वर्गणीच्या दिवसांवर असते. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, म्हणजे पाणीही टिकू न देणाऱ्या उलट्यांसारख्या त्रासासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे आणि गरोदर म्हणून आधीच काढले तरी लाभ बुडत नाही.

एक उणीव मात्र आहे. अवजड काम वा दीर्घकाळ उभे राहणे टाळण्याची कायद्यातील तरतूद शेवटच्या महिन्यांसाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांत हलके काम मिळवायचे तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी अर्ज करावा लागतो. म्हणून हजेरी कार्ड, पगार चिठ्ठी, ईएसआय कार्ड आणि अर्जाची पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करता येत नाही.

आपण काय करावे?

बारा आठवडे पूर्ण होण्यापूर्वी आशाताई किंवा जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्तदाब, रक्तगट, साखर, लघवी या तपासण्या त्याच कार्डावर चालू होतात. पात्र भगिनींना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्यासाठीही लवकर नोंदणी लागते. तीन महिन्यांनंतर दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयात मोफत तपासणी असते.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना आमची एक विनंती आहे. आपल्या घरी वहिनी किंवा ताई गरोदर असेल तर तिचे कार्ड वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या आणि तपासणीला सोबत जा. गावाकडून नव्याने आलेल्या, खोली करून राहणाऱ्या आणि जवळ आई वा सासू नसलेल्या भगिनींची महिला मंडळाने आपणहून चौकशी करावी. अशा एकट्या भगिनीला वेळेवर कोणी विचारले, तर तिचे पहिले तीन महिने भीतीत जाणार नाहीत.