कात्रीला धार : घरच्या घरी

बोथट कात्रीत कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडतं. तसं होऊ लागलं, की धार लावायची वेळ झाली.

● आधी खिळा पाहा. पुष्कळदा धार ठीक असते, पण पाती सैल झालेली असतात. स्क्रू किंचित आवळून पाहा.

● बाहेरची उतरती कडच घासा. आतली बाजू दगडावर घासली, तर दोन पात्यांमध्ये फट पडते आणि कात्री वाया जाते.

● कोन जपा. सुरीची धार साधारण २० अंशांची, कात्रीची ६० ते ८० अंशांची. कडेला मार्कर पेनाची शाई लावा. घासताना ती सगळीकडून सारखी निघाली, की कोन बरोबर आहे.

● एकाच दिशेने घासा. दगड ओला करून पातं खिळ्याकडून टोकाकडे न्या. मग पाती जोडून कात्री हलकेच उघडमीट करा, म्हणजे कडेची खरखर जाते.

● परीक्षा : जुन्या मलमलीचा तुकडा अगदी टोकाने कापा. दोरा न ओढता कापला, तर धार लागली.

● पॉलिश पेपर कापणं हा तात्पुरता इलाज. झिजलेली धार त्याने परत येत नाही.

नागमोडी कात्री आणि शिंप्याची मोठी कात्री मात्र धारवाल्याकडेच द्या. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, धार जास्त दिवस टिकेल.